डीएनए रिपोर्ट दाखवून मेंदूच्या गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुमच्यातल्या कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण साचा सगळ्यांचा एकच आहे. थुंकीची नळी घरी येते, ती भरून परत पाठवायची, मग काही आठवड्यांनी एक रंगीत पीडीएफ येते, त्यात हिरवं पिवळं लाल करून तुमची स्मरणशक्ती, एकाग्रता, ताण झेपायची ताकद, शिकायचा वेग असलं सगळं मांडलेलं असतं आणि जिथे जिथे लाल आहे तिथे खाली एक बटन असतं. ते दाबलं की तुमच्याच गोळ्यांचं पान उघडतं. "खास तुमच्या जीन्ससाठी बनवलेलं." माझं हे सगळं पत्र त्या बटनाबद्दल आहे. रिपोर्टमधलं काही खरं असेल, गोळीतलं काही कोणाच्या तरी कामाचं असेल, ते दोन्ही मान्य करून पुढे जाऊ. पण लाल रंगापासून बटनापर्यंत जी उडी तुम्ही मारता ती कशाच्या जोरावर, एवढंच विचारायचंय. मला तरी तो निव्वळ बादरायण संबंध वाटतो.

आणि आधीच सांगते, मी जेनेटिक्सच्या विरोधात नाही, सरसकट सगळ्या सप्लिमेंटच्या पण नाही. जीन, खाणं आणि मेंदू यांचा खराखुरा संबंध कसा असतो याचं उदाहरण आहेच की समोर, पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया. पीएएच नावाच्या जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या असल्या की फेनिलॲलनिन हे अमिनो ॲसिड शरीराला नीट मोडता येत नाही, ते रक्तात साचत जातं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूची कायमची वाट लावतं. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर करायची टेस्ट आणली, आणि तेव्हापासून जन्मल्या जन्मल्या पकडून, फेनिलॲलनिन अगदी कमी असलेला आहार लगेच चालू केला की ते मूल नॉर्मल बुद्धीचं मोठं होतं. आजार पूर्ण अनुवंशिक, आणि मुख्य उपाय आहार! म्हणजे "जीनमध्ये आहे म्हणजे काही करता येत नाही" हे पण खोटं. पण तिथे प्रत्येक कडी माहितीये. कुठला जीन, कुठलं एन्झाइम, रक्तात काय वाढतं, किती वाढलं की धोका, खाण्यातून काय काढलं की ते उतरतं आणि उतरलं की मुलाचं काय होतं. गंमत म्हणजे रोजच्या ट्रीटमेंटमध्ये तिथेही मोजतात ते रक्तातलं फेनिलॲलनिन, जीन पुन्हा पुन्हा कोणी बघत बसत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये यातली पहिली कडी तेवढी असते. बाकीच्यांच्या जागी बटन.

हा धंदा काही आजचा नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसनं, म्हणजे तिथल्या संसदेसाठी तपासणी करणाऱ्या संस्थेनं, चार वेबसाइटवरून असल्याच टेस्ट मागवून बघितल्या. त्यांनी १४ खोटी गिऱ्हाइकं तयार केली पण डीएनए वापरला फक्त दोघांचा, एक ९ महिन्यांची मुलगी आणि एक ४८ वर्षांचा माणूस. फॉर्मवर मात्र प्रत्येकाचं वय, सिगरेट, व्यायाम, खाणंपिणं वेगवेगळं भरलं. डीएनए त्याच बाळाचा असूनसुद्धा सल्ले वेगवेगळे आले, कारण सल्ला येत होता तो फॉर्मवरून! सिगरेट ओढतो लिहिलं की सोडा, व्यायाम करत नाही लिहिलं की करा. हे सांगायला थुंकी कशाला लागते? आणि "तुमच्या डीएनएप्रमाणे" म्हणून सुचवलेल्या काही गोळ्यांचा खर्च वर्षाला १२०० डॉलरच्या वर जात होता, तशाच व्हिटॅमिन्स साध्या दुकानात वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास मिळत होत्या. पुढे २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, जीनलिंक आणि फोरू इंटरनॅशनल या दोन कंपन्यांवर कारवाई केली, त्यांचाही दावा हाच होता की डीएनए बघून बनवलेली सप्लिमेंट्स तुमच्या जीन्समधली कमतरता भरून काढतात. इतकी वर्षं झाली, बटनाचं डिझाइन तेवढं सुधारलं.

आता त्या "बुद्धिमत्ता आणि शिकण्याची क्षमता" वाल्या पानाकडे येते, कारण आईबाप सगळ्यात जास्त फसतात ते तिथे.

आधी उंची घ्या. उंची मोजायला सोपी, पट्टी लावली की झालं, मूड चांगला असला म्हणून वाढत नाही आणि झोप झाली नाही म्हणून कमी होत नाही. तरीसुद्धा २०२२ मध्ये जो मोठा अभ्यास आला त्यात साधारण ५४ लाख लोकांचा डीएनए एकत्र केला तेव्हा उंचीशी जोडलेले १२,१११ व्हेरियंट, म्हणजे डीएनएमधले माणसामाणसांत वेगळे असणारे छोटे फरक, सापडले. बारा हजार! आणि ते सगळे मिळून युरोपीय वंशाच्या लोकांमधला उंचीतला फरक साधारण ४०% समजावू शकतात, बाकीच्या वंशांमध्ये तर १० ते २०% च. आता बुद्धी. २०१८ मध्ये जवळपास २ लाख ७० हजार लोकांवर बुद्धिमत्तेचा अभ्यास झाला, जीनोममधल्या, म्हणजे अख्ख्या डीएनएमधल्या, २०५ जागा सापडल्या, आणि त्या सगळ्यावरून नवीन माणसाबद्दल अंदाज बांधायला गेलं तर लोकांमधला साधारण ५% फरक पकडता आला. शिक्षणाची वर्षं घेतली तर २०२२ मध्ये ३० लाख लोक, ३,९५२ व्हेरियंट, आणि पकड १२ ते १६% पर्यंत. हे संशोधन खूप भारी आहे, मला त्याचं कौतुकच आहे. पण तुमच्या रिपोर्टमध्ये "शिकण्याची क्षमता" या हेडिंगखाली किती व्हेरियंट असतात? मी जे बघितलेत त्यात तीन, चार, फार तर सहा!

बरं त्या १२ ते १६ टक्क्यांत पण मेख आहे. तोच स्कोअर, म्हणजे त्या सगळ्या व्हेरियंटची बेरीज करून काढलेला अंदाज, एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांमध्ये लावून बघितला की त्याचा जोर जवळपास निम्म्यानं उतरतो. का, तर आईबापांचे जीन्स मुलाच्या आजूबाजूचं वातावरण पण घडवत असतात. आइसलँडमध्ये २०१८ मध्ये हे फार सुंदर दाखवलं, त्यांनी आईबापांचे असे व्हेरियंट घेतले जे मुलात उतरलेलेच नाहीत, आणि त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध निघाला, उतरलेल्यांच्या साधारण ३०% इतका. जो तुकडा मुलाच्या अंगात नाहीच त्याचा परिणाम मुलावर! मग थुंकीतल्या तुकड्यासाठी कुठली गोळी देणार तुम्ही, आणि द्यायची कोणाला, मुलाला का बापाला?

अनुवंशिकतेचा टक्का पण तुम्ही असा वापरता की अंगावर काटा येतो. "बुद्धी ५०% अनुवंशिक आहे" असं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं आपली अर्धी बुद्धी जीनमधून आली आणि उरलेली अर्धी बाटलीतून येणार. तो आकडा एका माणसाबद्दल नसतोच मुळी, एका गटातल्या माणसामाणसांमधला जो फरक असतो त्यातला किती हिस्सा जीन्समधल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो, आणि गट बदलला परिस्थिती बदलली की आकडा बदलतो. २०१५ मध्ये जुळ्यांवरचे पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र केले होते, सुमारे १.४५ कोटी जोड्या, १७,८०४ गुणधर्म, सरासरी ४९% आली. त्यातून "म्हणून ही कॅप्सूल घ्या" कसं निघतं ते मला अजून कळलेलं नाही.

मग ते लाडके जीन्स. कॉम्ट, बीडीएनएफ, डीआरडी२, ही नावं तुमच्या प्रत्येकाच्या रिपोर्टमध्ये असतात. कॉम्टवरून तर "योद्धा" आणि "चिंता करणारा" असे माणसांचे दोन प्रकारच पाडलेत तुम्ही. यामागचं रसायनशास्त्र खोटं नाही, कॉम्ट हे डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन मोडणारं एन्झाइम आहे आणि त्याचं एक रूप हळू चालतं, बरोबर. पण तिथून माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीपर्यंत जाईजाईतो तो परिणाम इतका पातळ होतो की बरेच अभ्यास एकत्र करून बघितल्यावर हाती जवळपास काही लागलं नाही. २०१२ मध्ये काही संशोधकांनी बुद्धीशी जोडलेले असे १२ गाजलेले व्हेरियंट घेतले, तीन वेगवेगळ्या गटांतल्या मिळून जवळपास १० हजार लोकांमध्ये ३२ वेळा तपासले, त्यातला एक कसाबसा पास झाला. नुसत्या योगायोगानं सुद्धा ३२ मध्ये एक-दोन पास होतातच की! डिप्रेशनचं पण तेच झालं, २०१९ मध्ये १८ प्रसिद्ध जीन्स लाखो लोकांच्या डेटामध्ये तपासले आणि ते कुठल्याही रँडम जीनपेक्षा जास्त काही सांगत नव्हते. हे तुमच्या सायंटिफिक ॲडव्हायझर लोकांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून छापतात.

आता एपीओई. इथे मात्र तुमची बाजू थोडी बळकट आहे, नाही म्हणणार नाही. १९ व्या क्रोमोसोमवरचा हा जीन, त्याची ई२, ई३, ई४ अशी तीन रूपं, आणि १९९३ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी दाखवल्यापासून ई४ आणि म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमरचा संबंध पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला आहे. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये ई४ ची एक कॉपी असली तर धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर ८ ते १२ पट असं सांगतात, आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये तोच जोर कमी दिसतो. आणि तरीही ई४ असून आयुष्यभर अल्झायमर न झालेले भरपूर लोक आहेत, आणि ई४ नसून झालेले पण. म्हणजे धोका खराच, पण नशिबाचा कागद नाही. जेम्स वॉटसन, हो तेच डीएनएच्या रचनेवाले, त्यांचा अख्खा जीनोम जाहीर झाला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट लपवायला सांगितली, एपीओई. (नंतर कोणीतरी दाखवून दिलं की आजूबाजूच्या व्हेरियंटवरून तो ओळखता येऊ शकतो, मग तो आख्खा पट्टाच काढून टाकावा लागला.) ज्या माहितीला वॉटसनसारखा माणूस बिचकला ती तुम्ही "तुमच्या केसांचा प्रकार" आणि "कॉफी किती झेपते" यांच्या मधल्या पानावर छापता.

आणि ती छापल्यावर काय होतं, ते मोजलेलं आहे. रिव्हील नावाचा अमेरिकेतला अभ्यास, ज्यात अल्झायमरच्या पेशंटांच्या निरोगी नातेवाइकांना त्यांचा एपीओई सांगितला गेला. चांगली बातमी ही की नीट समजावून सांगितलं तर बहुतेक लोक कोलमडत नाहीत, ती भीती वाटली होती तेवढी खरी निघाली नाही. पण त्याच अभ्यासातून २०१० मध्ये एक पेपर आला, २७२ लोकांचा, त्यात ई४ आहे असं कळलेल्या लोकांनी सप्लिमेंटमध्ये बदल करण्याचे ऑड्स (करण्याची शक्यता विरुद्ध न करण्याची) बाकीच्यांच्या ४.७५ पट होते. त्यांना कोणी गोळी सुचवली नव्हती हां. नुसतं कळलं आणि लोक गोळ्यांकडे वळले. हा पेपर मी वाचला तेव्हा मला तुमचं बटन समजलं. तुम्हाला गोळी आणि जीनमधला संबंध सिद्ध करायची गरजच नाही, कारण भीती आणि गोळीमधला संबंध आधीच सिद्ध झालेला आहे, तुम्ही फक्त त्या दोघांच्या मध्ये दुकान टाकलंय.

याच्या पुढचं अजून वाईट. २०१४ मध्ये १४४ निरोगी वयस्कर लोकांवर एक अभ्यास झाला, काहींना त्यांचा एपीओई माहीत होता, काहींना नव्हता. ज्यांना माहीत होतं की आपल्याकडे ई४ आहे, त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला जास्त नावं ठेवली आणि शाब्दिक स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये ते खरोखर कमी पण पडले, कोणापेक्षा, तर ज्यांच्याकडे ई४ होता पण त्यांना ते माहीत नव्हतं त्यांच्यापेक्षा! जीन तोच. तुमचा तो लाल रंग म्हणजे नुसतं ग्राफिक नाहीये.

चला, आता गोळीत काय आहे ते बघू.

जिंकगो, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, तुमच्या जवळपास प्रत्येक डबीत असतं. २००८ मध्ये त्याची मोठी ट्रायल छापून आली, ३,०६९ लोक, ७५ च्या पुढचे, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण ६.१ वर्षं लक्ष ठेवलं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमी झाला नाही. फ्रान्समध्ये २,८५४ लोकांवर पाच वर्षं करून बघितलं, २०१२ मध्ये निकाल आला, तेच. बी व्हिटॅमिन्स घ्या, २०१४ मध्ये ११ ट्रायल्स आणि २२ हजार लोक एकत्र केले, रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो ॲसिड छान उतरलं, विचारशक्तीवर काही फरक नाही. ऑक्सफर्डच्या एका छोट्या ट्रायलमध्ये, ज्यांची स्मरणशक्ती आधीच थोडी घसरलेली आणि होमोसिस्टीन जास्त होतं त्यांच्यात मेंदू आकसण्याचा वेग मात्र कमी झालेला दिसला, तेही सांगायला हवं. पण मग बघायचं काय, तर रक्तातलं होमोसिस्टीन, जीन नाही.

ओमेगा-३ मधलं डीएचए, हे तर तुम्ही ई४ वाल्यांना मुद्दाम विकता. २०१० मध्ये अल्झायमरच्या ४०२ पेशंटांना रोज २ ग्रॅम डीएचए किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) देऊन १८ महिने बघितलं, आजाराचा वेग कमी झाला नाही. आणि कडी म्हणजे, त्यांनी ई४ प्रमाणे गट पाडून पण बघितलं होतं, तर थोडासा फायदा दिसल्यासारखा वाटला तो ई४ नसलेल्यांमध्ये! तोही पक्का नाही, संशोधकांनी स्वतःच सावध राहायला सांगितलंय. पण तुमचं बटन नेमकं उलट्या माणसाच्या पानावर आहे, एवढं तरी बघा की राव.

मी फक्त वाईटच सांगतेय असं नको. साध्या मल्टीव्हिटॅमिनचा कॉसमॉस नावाचा मोठा अभ्यास आहे, २०२२ पासून त्याचे निकाल येतायत, वयस्कर लोकांमध्ये स्मरणशक्तीला छोटा पण मोजता येईल असा फायदा दिसलाय. छोटाच, आणि डिमेन्शिया टळतो असं त्यात सिद्ध झालेलं नाही, पण आहे. आणि तो मिळाला कशात तर डीएनए न बघता सगळ्यांना सारखी दिलेली साधी गोळी, "पर्सनलाइज्ड" काही नाही. ब्राह्मीवरच्या काही छोट्या, बारा आठवड्यांच्या ट्रायल्समध्ये आठवण्याच्या टेस्ट थोड्या सुधारलेल्या दिसतात, त्यावर मोठी आणि लांब ट्रायल करायला कोणी तुमचा हात धरलाय का? बी१२ ची कमतरता असली तर बी१२ घेणं म्हणजे खरी ट्रीटमेंट आहे, विसराळूपणा, मुंग्या, गोंधळ हे सगळं त्यातून होऊ शकतं, वयस्कर लोकांना आणि डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो धोका जास्त असतो. पण ते रक्त तपासून कळतं. आणि उलट बाजूनं, बी६ महिनोन् महिने जास्त घेतलं तर नसांना इजा होते, फोलेट (बी९ व्हिटॅमिन) भरपूर आणि बी१२ कमी असलं तर रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसत राहतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हे तुमच्या पीडीएफमध्ये कुठल्या पानावर आहे? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की स्मृतिभ्रंश टाळायला बी आणि ई व्हिटॅमिन, ओमेगा-३ किंवा मिश्र सप्लिमेंट्सची शिफारस करू नये.

एमटीएचएफआर या फोलेटशी संबंधित जीनबद्दल थोडक्यात, कारण यावरून तुम्ही लोकांना जेवढं घाबरवलंय तेवढं क्वचितच कशावरून घाबरवलं असेल. याचा एक व्हेरियंट अगदी सामान्य आहे, आणि तो असलेल्या माणसाचं शरीर साधं फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) वापरूच शकत नाही असं तुम्ही सांगता ते चूक आहे, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं हे सरळ शब्दांत लिहिलंय की असे लोक सगळ्या प्रकारचं फोलेट वापरू शकतात. तरी महागडं मिथाइलफोलेट चालूच. हे वाचून एखादी गरोदर बाई फॉलिक ॲसिड बंद करेल आणि बाळाच्या मज्जारज्जूवर बेतेल, याचा विचार केलाय कधी?

प्रिव्हाजेनची केस पण तुम्ही सगळ्यांनी वाचून ठेवा. एका जेलीफिशमधलं ॲपोएक्वोरिन नावाचं प्रोटीन, स्मरणशक्तीची गोळी म्हणून अमेरिकेत धो धो खपलं. प्रोटीन तोंडानं घेतलं की पोटात त्याचे तुकडे होतात, मेंदूपर्यंत जसंच्या तसं पोचणार कसं हा प्रश्न कोणी शाळकरी पोरगंही विचारेल. कंपनीच्या स्वतःच्या २१८ लोकांच्या ट्रायलमध्ये प्लासिबोच्या तुलनेत एकंदर फरक निघाला नाही, मग त्यांनी गट पाडून पाडून तीसच्या वर विश्लेषणं केली आणि जे बरं दिसलं ते जाहिरातीत घातलं. २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी केस केली आणि २०२४ च्या डिसेंबरात कोर्टानं स्मरणशक्ती सुधारते असले दावे करायला बंदी घातली. जवळपास आठ वर्षं गेली मध्ये, तेवढ्या वर्षांत किती डब्या खपल्या असतील. ज्याला घाई नाही असा कायदा आणि ज्याला घाबरवलंय असं गिऱ्हाईक, तुम्हाला अजून काय हवं!

आणि डबीत लिहिलंय तेच असतं का, हा वेगळाच विषय. २०२० मध्ये एका टीमनं १० "ब्रेन" सप्लिमेंट्स तपासली, त्यात अमेरिकेत औषध म्हणून मंजुरीच नसलेली पाच रसायनं सापडली. वयस्कर माणूस आधीच रक्त पातळ करायची गोळी घेत असतो, त्यावर जिंकगो चढवलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे तुमच्या चॅटबॉटला विचारून बघितलं तर तो म्हणतो "आमचं प्रॉडक्ट नैसर्गिक आहे".

तर मागणी काय आहे माझी. "डीएनएप्रमाणे बनवलेली" हा शब्द वापरायचा तर अशी एक ट्रायल दाखवा ज्यात त्या व्हेरियंटचे लोक आणि नसलेले लोक, दोघांनाही तीच गोळी आणि प्लासिबो देऊन बघितलंय आणि फरक व्हेरियंटप्रमाणे पडलाय. गोळीची वेगळी ट्रायल आणि जीनचा वेगळा पेपर एकाखाली एक चिकटवून चालणार नाही. वजन कमी करण्याच्या बाबतीत स्टॅनफर्डवाल्यांनी असं करून दाखवलंय, २०१८ मध्ये, ६०९ लोक, दोन प्रकारचा आहार, वर्षभर, आणि जीन पॅटर्न बघून आहार ठरवण्याचा काही उपयोग नाही हे निघालं तर तेच छापलं. तुम्ही पण करा, आणि निकाल काहीही आला तरी छापा. ट्रायल सुरू करायच्या आधी तिची नोंद करा म्हणजे नंतर प्रिव्हाजेनसारखे गट पाडता येणार नाहीत. ट्रायल नसेल तर बटन काढा, रिपोर्ट एकीकडे विका गोळी एकीकडे विका, लोक काय ते ठरवतील.

एपीओई सरळ मेलवर पाठवणं बंद करा, आधी विचारा, समजावून सांगणारा माणूस द्या, आणि "मला नको कळायला" हा पर्याय पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात द्या. अठराच्या खालच्या मुलांची बुद्धी, एकाग्रता, टॅलेंट असले रिपोर्ट पूर्ण बंद. ज्या अभ्यासांवरून स्कोअर काढता त्यातले लोक कोण होते ते लिहा, २०१९ च्या एका हिशोबाप्रमाणे असल्या अभ्यासांतले साधारण ७९% लोक युरोपीय वंशाचे होते, मग बाकीच्या जगाला तोच स्कोअर त्याच लाल रंगात कसा काय देता?

आणि हो, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे बदलता येतील असे १४ धोके सांगितलेत, ऐकू कमी येणं, ब्लड प्रेशर, डायबिटीस, सिगरेट, एकटेपणा, दिसायला कमी येणं, हवेचं प्रदूषण वगैरे, आणि या सगळ्यांचा मिळून जगातल्या साधारण ४५% डिमेन्शियाशी संबंध आहे. ई४ असलेल्या माणसालाही यातलं बरंच काही करता येतं. तुमच्या चाळीस पानी पीडीएफमध्ये कान तपासून घ्या हे मला एकदाही सापडलं नाही.

उत्तर द्यायचं असेल तर प्रेस रिलीज नको, ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर पाठवा.

एक त्रासलेली वाचक

ता. क. – डेटाबद्दल पण लेखी हवंय. २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए टेस्ट करणाऱ्या अमेरिकन कंपनीमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोक घाईघाईनं आपला डेटा डिलीट करायला धावले. पासवर्ड बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही, आणि तो एकट्याचा पण नसतो, बहिणीचा मुलांचा सगळ्यांचा थोडा थोडा असतो. तुमची कंपनी उद्या विकली गेली तर आमच्या थुंकीचा मालक कोण, आणि डिलीट म्हटल्यावर फ्रीजरमधली नळी पण नष्ट होते का फक्त स्क्रीनवरचं नाव जातं?